खान्देशच्या उन्हाळ्यात घरातली मत्स्यटाकी थंड कशी ठेवावी

एप्रिल आणि मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव या गावांनाही त्या झळांपासून सुटका नसते. माणसे दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसतात, गुरे झाडाखाली बांधली जातात. काचेच्या टाकीतल्या माशाला मात्र जागा बदलता येत नाही. त्याच्या अंगाचे तापमान भोवतीच्या पाण्याइतकेच असते, त्यामुळे पाणी तापले की तोही तापतो. दर उन्हाळ्यात कितीतरी घरांतल्या टाक्या रिकाम्या होतात आणि लोक ‘उष्णतेने मेले’ असे म्हणून तो विषय सोडून देतात. वास्तविक यातले बहुतेक मासे वाचवता येण्याजोगे असतात. त्यासाठी महागडे चिलर यंत्र लागत नाही. आपल्याकडची हवा अतिशय कोरडी असते आणि हा कोरडेपणाच टाकी थंड ठेवण्याचे सर्वांत मोठे साधन आहे. बर्फाचा विचार अगदी शेवटी करावा.

पाणी तापले की नेमके काय बिघडते

उपाय कोणत्या क्रमाने करायचे हे कळण्यासाठी आधी धोका समजून घ्यावा लागतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो आणि ३५ अंशांना सातच्या आसपास. हे आकडे चांगल्या ढवळलेल्या पाण्याचे आहेत. झाकण लावलेल्या, माशांनी गच्च भरलेल्या टाकीत प्रत्यक्ष प्राणवायू याहून बराच कमी असतो. याच वेळी माशाची गरज मात्र वाढत जाते, कारण तापमान १० अंशांनी वाढले की त्याच्या शरीरातल्या क्रिया साधारण दुप्पट वेगाने होऊ लागतात. गाळात कुजणारे खाद्य आणि फिल्टरमधले जिवाणूही अधिक प्राणवायू ओढतात. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा कोंडीत मासा सापडतो.

दुसरा धोका अमोनियाचा आहे आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. त्यातला मुक्त स्वरूपातला भाग घातक असतो आणि पाण्याचा सामू (पीएच) व तापमान वाढले की तो भाग वाढतो. सामू ८ असलेल्या पाण्यात २५ अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्के मुक्त असतो, ३० अंशांना ७ टक्के आणि ३५ अंशांना १० टक्के. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असल्याने हे गणित खान्देशातल्या टाक्यांना चांगलेच लागू पडते. हिवाळ्यात जी टाकी ठीक वाटत होती, तीच टाकी तेवढ्याच घाणीसह मे महिन्यात विषारी होऊ शकते.

मोजमापापासून सुरुवात

हाताने पाणी चाचपून अंदाज बांधू नये. बाहेर ४३ अंश असताना ३३ अंशांचे पाणीही बोटाला गारच लागते. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर खोलीच्या हवेचा परिणाम होतो, म्हणून पाण्यात बुडणारा काचेचा थर्मामीटर किंवा तार पाण्यात सोडलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. पहाटे सूर्योदयाच्या सुमारास एकदा आणि संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान एकदा अशी दिवसातून दोनदा नोंद करावी. भर दुपारी दोनला नोंद घेऊन निर्धास्त होणे बरोबर नाही, कारण पाणी हवेच्या मागाहून तापते आणि टाकीचा उच्चांक ऊन उतरताना येतो.

गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल आणि फायटर या नेहमीच्या माशांना २४ ते २८ अंश मानवतात. ३० पर्यंत ते निभावून नेतात. डिस्कसला मुळात २८ ते ३० अंशच हवे असतात, त्यामुळे त्याच्या टाकीची चिंता थोडी उशिरा सुरू होते. गोल्डफिश हा मात्र थंड पाण्याचा मासा आहे. त्याला १८ ते २४ अंश आवडतात आणि प्राणवायूही भरपूर लागतो, तरी घरोघरी दिसतो तो हाच मासा, आणि तोही पुष्कळदा गोल बाउलमध्ये. चार-पाच लिटरचा, अरुंद तोंडाचा बाउल आपल्या उन्हाळ्यात मासे ठेवण्याच्या लायकीचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला मासा मार्चमध्येच मोठ्या टाकीत हलवावा. टाकी नसेल तर रुंद तोंडाचा प्लास्टिकचा टबसुद्धा बाउलपेक्षा चांगला.

जागा आणि खोली

पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली टाकी संध्याकाळनंतरही तापत राहते, कारण दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री उष्णता बाहेर टाकते. पत्र्याच्या खोलीत आणि वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, हाच प्रकार वरून घडतो. जुन्या धाब्याच्या घराची मातीची जाड छपरे अजून शाबूत असतील, तर टाकीसाठी त्याहून चांगली खोली नाही. भरलेली टाकी मात्र चुकूनही उचलू नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते, म्हणजे काचेचे आणि वाळूचे वजन धरून ती साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, आणि सरकवताना तळाच्या सांध्याला तडा जाऊ शकतो. जागा बदलायचीच असेल तर ती आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी, टाकी जवळजवळ रिकामी करून बदलावी.

जागा बदलणे शक्य नसेल तर टाकीची मागची बाजू आणि भिंत यांच्यामध्ये इंचभर जाडीचा थर्मोकोल उभा करावा. खिडकीच्या बाहेरून शेडनेट बांधावी. आपल्या भागात केळीच्या आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिकांसाठी ती कृषी साहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळते. पडदा आत लावण्यापेक्षा जाळी बाहेर लावणे अधिक उपयोगी पडते, कारण ऊन काचेतून आत येण्याआधीच अडते. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद कराव्यात आणि रात्री बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की उघडाव्यात.

पंखा हा मुख्य उपाय

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीतलेही होते. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जाते. ५० लिटर पाण्यातून केवळ अर्धा लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर त्याबरोबर त्या सगळ्या पाण्याचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता निघून जाते. खोलीतून टाकीत उष्णता सतत शिरत असल्यामुळे प्रत्यक्षात एवढी घट दिसत नाही, तरी पृष्ठभागावर नीट वारा खेळवला तर दोन ते चार अंशांचा फरक सहज पडतो.

हा फरक कुठवर जाऊ शकतो, हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. हवा ४३ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओले फडके गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात सुमारे २३ अंश दाखवतो. बाष्पीभवनाने पाणी उतरण्याची ती सैद्धांतिक सीमा. टाकी तिथपर्यंत पोचत नाही, पण वाव किती मोठा आहे हे त्यावरून कळते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हाच पंखा थोडेच काम करतो.

पंखा बसवण्याची रीत अशी. प्रथम टाकीचे काचेचे किंवा फायबरचे झाकण पूर्ण काढावे, कारण झाकणाखाली कोंडलेली ओली हवा बाष्पीभवन थांबवते. त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून कडेने क्लिपा लावाव्यात. गुदमरलेला मासा उडी मारतो आणि पाल किंवा मांजर टाकीपर्यंत येते, म्हणून जाळी हवीच. मग संगणकात वापरतात तसा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटर रुंदीचा पंखा आणि त्याला जुळणारा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर घ्यावा. पंखा टाकीच्या एका टोकाला, पाण्यापासून वीतभर उंचीवर, किंचित खाली झुकवून असा बांधावा की वारा पाण्यावरून घासत दुसऱ्या टोकाला बाहेर पडेल. तो सरळ खाली रोखला तर पाण्यावर एकाच जागी खळगा पडतो आणि बाकीचा पृष्ठभाग तसाच राहतो. योग्य कोन साधला की टाकीभर बारीक, एकसारख्या सुरकुत्या उमटताना दिसतात. पंखा हवा आत फेकणारा असावा. ओली हवा ओढून बाहेर टाकणारा लावला तर त्याची मोटर लवकर गंजते. १२ व्होल्टचा पंखा पाण्यात पडला तरी माणसाच्या जिवाला धोका फारसा नसतो, हे त्याचे मोठे मोल आहे. अॅडॉप्टर मात्र टाकीपासून लांब आणि उंचावर ठेवावा आणि टाकीकडून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही. टेबल फॅन वापरायचा असेल तर तो वेगळ्या स्टुलावर, टाकीत पडणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा.

पंखा फक्त दुपारी लावण्याची पद्धत मला मान्य नाही. पहाटे पाणी किती गार आहे, यावर संध्याकाळचा उच्चांक अवलंबून असतो. रात्रभर पंखा चालवून पाणी २६-२७ अंशांवर आणले, तर दिवसभर तापूनही ते सहसा ३० च्या आसपास थांबते. पहाटेच ३० असेल तर संध्याकाळी हाताशी काहीच उरत नाही.

कूलरच्या खोलीत गणित थोडे बदलते. कूलरची हवा गार पण ओली असते, त्यामुळे टाकीवरच्या पंख्याचा वेगळा परिणाम कमी दिसतो. मात्र खोलीच गार असल्याने एकूण लाभच होतो. कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे, नाहीतर खोली दमट होते. काही घरांत डास होऊ नयेत म्हणून कूलरच्या पाण्यात रॉकेलचे थेंब किंवा औषध टाकतात. मासे असलेल्या खोलीत हे करू नये. डासांच्या अगरबत्त्या, लिक्विड आणि फवारे यांचेही तेच. त्यांतली द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून ती थेट पाण्यात सोडतो.

उडालेले पाणी कशाने भरून काढावे

पंखा लावल्यावर दोन फुटी टाकीतून रोज लिटर-दोन लिटर पाणी उडून जाते. पाणी जाते, पण क्षार मागे राहतात. म्हणून रोज बोअरचेच पाणी ओतत राहिल्यास महिनाभरात टाकीतले पाणी फार जड होते आणि काचेवर पांढरी रेघ धरते. उडालेली तूट आरओच्या शुद्ध पाण्याने भरावी. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी यासाठी चालत नाही, कारण त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. आठवड्याचे पाणी बदलणे मात्र नेहमीच्याच पाण्याने करावे, नुसत्या आरओच्या पाण्याने नव्हे.

हे पाणी बदलताना गच्चीवरच्या टाकीची आठवण ठेवावी. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून आणि उन्हातल्या पाइपातून दुपारी येणारे पाणी अंगाला चटका देण्याइतके तापलेले असते. जळगावात वाघूर धरणाचे असो की भुसावळात तापीचे, नळाला पाणी येईल तेव्हा मातीचा एक रांजण भरून सावलीत ठेवावा. नवा रांजण आधी तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावा. रांजणात पाणी उघडे राहिल्याने दिवसभरात बरेचसे क्लोरीन उडते, आणि ते गारही होते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात टाकावे. रांजणातले पाणी टाकीपेक्षा चार-पाच अंशांनी गार असू शकते, म्हणून ते एकदम ओतू नये. एका वेळी टाकीच्या दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये आणि तेही नळीने संथ सोडावे. शेतकरी घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. फवारणीला वापरलेली बादली, मग किंवा नळी कितीही धुतली तरी टाकीसाठी घेऊ नये.

हवा, खाद्य, दिवे

एअर पंप उन्हाळाभर चोवीस तास चालू ठेवावा. फिल्टरचे तोंड पाण्याच्या वर किंवा अगदी पृष्ठभागाशी आणावे, म्हणजे पाणी खळाळत पडेल; प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यत्वे पृष्ठभागातून, बुडबुड्यांचे काम पाणी हलवण्याचे असते. टाकीत वनस्पती असतील तर पहाटेच्या वेळी अधिक सावध राहावे, कारण रात्री त्याही प्राणवायू घेतात आणि पाण्यातला साठा सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो.

खाद्य निम्म्यावर आणावे आणि सकाळी लवकर द्यावे. पाणी ३२ अंशांवर गेले त्या दिवशी काहीच देऊ नये. धडधाकट मोठ्या माशाला दोन-तीन दिवसांचा उपास बाधत नाही. दिवे संध्याकाळी चार-पाच तास पुरेत, आणि जुनी ट्यूब किंवा हॅलोजन असेल तर तो काढून एलईडी लावावा. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत नवे मासे आणू नयेत.

वीज गेली तर

भर उन्हात वीज गेली की पंखा, फिल्टर आणि एअर पंप एकदमच बंद पडतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप चार्ज करून हाताशी ठेवावा; इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्यावर जोडावा, कारण तो अगदी थोडी वीज घेतो. काहीच नसेल तर तांब्याने टाकीतलेच पाणी उचलून वीतभर उंचीवरून धार धरावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच मिनिटे असे केल्याने मासे तग धरतात. एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, नाहीतर वीज जाताच नळीतून पाणी उलटे पंपात येते. बंद डब्यासारखा फिल्टर कित्येक तास थांबला असेल, तर त्यातले जिवाणू प्राणवायूअभावी मेलेले असतात; तो तसाच चालू न करता आतला स्पंज आधी टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

पारा चढलाच तर

मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागले, फिल्टरच्या धारेखाली गोळा झाले, कल्ले भराभर हलू लागले किंवा गोगलगायी काचेवरून पाण्याबाहेर चढू लागल्या, तर पहिले काम हवा वाढवण्याचे. फायटर आणि गुरामी हे मुळातच वर येऊन हवा घेतात, त्यांचे अधूनमधून वर येणे हे लक्षण धरू नये. हवा वाढवल्यावर टाकीच्या बाहेरच्या काचांना ओले सुती फडके किंवा गोणपाट लावून त्यावर पंखा सोडावा.

त्यानंतर बर्फ, आणि तोही बाटलीतच. एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत वर तीन बोटे जागा सोडून पाणी गोठवावे आणि बंद बाटली टाकीत तरंगत ठेवावी. एक किलो बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत ५० लिटर पाण्याला साधारण दोन अंशांनी उतरवतो. म्हणून एका वेळी एकच बाटली, आणि तासाला एका अंशाहून अधिक घट नको. बर्फाचे खडे थेट टाकल्यास एका कोपऱ्यात पाणी एकदम गार पडते, त्यातले क्लोरीन सुटते, आणि उष्णतेत तगलेला मासा या धक्क्याने जातो. गारवा आला तरी बाटली वितळल्यावर पाणी पुन्हा चढू नये यासाठी पंखा चालूच ठेवावा.

अशा दिवसांत अंगावर पांढरा कापसासारखा थर दिसला तर लोक बुरशीचे औषध टाकतात. गरम पाण्यात तो पुष्कळदा कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग असतो आणि तापमानाबरोबर तो झपाट्याने पसरतो. फॉर्मॅलिनसारखी काही औषधे पाण्यातला प्राणवायू आणखी घटवतात, म्हणून रोगी मासा वेगळा काढून, आधी पाणी गार आणि हवा भरपूर करून, मगच औषधाकडे वळावे.

आखाजीला गावी जाताना

लेकीबाळी माहेरी येतात आणि कितीतरी घरे चार दिवस बंद राहतात, नेमक्या त्याच दिवसांत ऊन टिपेला असते. शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी, पण खाद्याचा डबा देऊ नये. प्रेमाने टाकलेले जादा खाद्य मोठे नुकसान करते. द्यायचेच असेल तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्याव्यात. पाण्याची पातळी कुठवर हवी, त्याची खूण काचेवर पट्टीने करावी आणि तूट भरायला आरओच्या पाण्याचा कॅन टाकीजवळच ठेवावा.

रोहिणी ते मृग

मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते, आभाळ येऊ लागते आणि हवेत ओलावा चढतो. हाच काळ मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण ऊन कमी झाल्यासारखे वाटून माणूस सैल पडतो आणि पंखा मात्र आता पूर्वीसारखे काम करत नाही. हवा ३५ अंशांची पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर बाष्पीभवनाची सीमाच ३० अंशांवर जाऊन बसते. ढगाळ, वारा पडलेल्या रात्री पाण्यातला प्राणवायूही घटतो. या दोन-तीन आठवड्यांत गोठवलेल्या बाटल्या तयार ठेवाव्यात, एअर पंपाला दुसरा एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) जोडावा आणि पहाटेची नोंद एकही दिवस चुकवू नये. मृगाचा पाऊस लागून पहाटेचे पाणी सलग आठवडाभर २८ च्या खाली राहिले की खाद्य हळूहळू पूर्ववत करावे, जाळीच्या जागी झाकण बसवावे आणि पंख्याच्या पात्यांवर साचलेले क्षार लिंबाच्या रसात भिजवलेल्या फडक्याने पुसून, पंखा पूर्ण वाळवून पिशवीत बांधून ठेवावा.